सिझरची जखम पिकू नये म्हणून, आणि पिकलीच तर

ऑगस्ट महिना, बाहेर धो धो पाऊस. कणकुंबीच्या बाजूच्या एका गावातून नवव्या दिवसाची बाळंतीण आमच्या ड्रेसिंग रूममध्ये आली. सोबत आई आणि आत्या, आत्याच्या मांडीवर बाळ झोपलेलं. पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा, चार वेढे घट्ट. तो सोडला तर आत हळदीचा थर वाळून पापुद्रा धरलेला. "सिस्टर, वरनं तर छान वाळलंय की," आई म्हणाली. दिसत होतंही तसंच. सलाइननं हळद भिजवून सुटी केली आणि टाक्यांच्या डाव्या टोकाला गॉजनं हलकंच दाबलं, तर पिवळट पू वर आला. डॉक्टरांनी दोन टाके उघडले तेव्हा अर्धी वाटी निघाला. पोरीच्या अंगात चार दिवस कणकण होती. दूध चढल्याचा ताप म्हणून ती घरातच मुरवली होती.

बेळगावात नर्स म्हणून ड्रेसिंग करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. घरी गेल्यावर बाळाला दिवसातून दहा जणं बघतात, जखमेकडे कुणी बघत नाही. बाळंतिणीला स्वतःला ती दिसत नाही, कारण छेद ओटीपोटाच्या घडीखाली असतो. नवरा संकोचतो, आई पट्टा सोडायला घाबरते. आणि जखम पिकते ती नेमकी याच दिवसांत. बहुतेक वेळा चौथ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास लक्षणं दिसू लागतात, म्हणजे दवाखान्यातून घरी सोडल्यावर. त्यानंतरही महिनाभर धोका असतोच. म्हणून खाली जे लिहिलंय त्याचा पाया एकच आहे: जखम रोज उजेडात बघायची.

घरी निघण्याआधी

डिस्चार्जच्या गडबडीत बिल, गाडी आणि बाळाची टोपी यांपलीकडे कुणाला काही सुचत नाही. तरी चार गोष्टी विचारून, कागदावर मराठीत लिहून घ्या. टाके विरघळणारे आहेत की काढायचे? काढायचे असतील तर कुठल्या तारखेला? आडव्या छेदाचे टाके साधारण आठवड्याभरात काढतात, उभ्या छेदाला जास्त दिवस लागतात, पण तारीख डॉक्टरांचीच. अँटिबायोटिक किती दिवस? हिमोग्लोबिन आणि साखर किती आली? आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा?

दवाखान्यातच एकदा, नर्स समोर असताना, जखमेचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. पुढे रोज कशाशी ताडून बघायचं, तो हा फोटो.

आपल्या भागात एक वेगळी अडचण असते. मुलगी नांदते चंदगडला, पहिलं बाळंतपण माहेरी खानापूरला. किंवा निपाणीची बाई ऑपरेशनला कोल्हापूरला जाते आणि विश्रांतीला संकेश्वरला. ऑपरेशन एका राज्यात आणि ड्रेसिंग दुसऱ्या. अशा वेळी डिस्चार्ज कार्ड हाच तुमचा दुभाषा. कर्नाटकातलं तायी कार्ड असो की महाराष्ट्रातलं माता-बाल कार्ड, दोन्ही एकाच पिशवीत ठेवा आणि पानांचे फोटो मोबाइलमध्ये. माहेरच्या गावच्या आशाताईला पोचल्या दिवशीच कळवा. सिझर झालेल्या घरी आशा साधारण ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते, पण मुलगी सासरच्या यादीत आणि राहते माहेरी, अशी झाली तर ती कुणाच्याच वहीत राहत नाही.

रोजचं बघणं

घरातलं एकच माणूस ठरवा. आई, बहीण, नवरा, कुणीही चालेल, पण रोज तेच. रोज नवा डोळा असला की कालच्यापेक्षा वाढलंय की कमी झालंय हे कुणालाच सांगता येत नाही.

सकाळी अंघोळीनंतर, खिडकीजवळ, बाळंतिणीला पाठीवर निजवा. बघणाऱ्यानं आधी साबणानं हात धुवायचे, मनगटापर्यंत, नखांखालून, बोटातली अंगठी काढून. पोटाची घडी एका हातानं वर उचलून धरायची आणि छेद डावीकडून उजवीकडे पूर्ण बघायचा. पू बरेचदा टोकाला किंवा घडीच्या सर्वांत खोल भागात धरतो, म्हणून टोकं चुकवू नका. मग हाताच्या उलट्या बाजूनं जखमेच्या वर आणि खाली कातडी गरम लागते का ते बघा. शेवटी फोटो, रोज त्याच अंतरावरून. सगळं मिळून पाच मिनिटं.

काय दिसलं तर ठीक? टाक्यांच्या कडेला थोडी लाली, बारीक खाज, छेदाखाली दोरीसारखी कडक कड, आणि आजूबाजूला बधिरपणा. बधिरपणा तर महिनोन्‌महिने राहतो. ओढल्यासारखं दुखतंही. पण दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा चढायला लागलं, तर बाकी काही दिसत नसलं तरी मी त्याला संशय म्हणते.

पुस्तकात जखम लाल होते असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नेहमी दिसतेच असं नाही. कातडी जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा काळपट होते, ताणल्यासारखी चमकते, हाताला गरम आणि घट्ट लागते. ही खूण डोळ्यापेक्षा हाताला आधी कळते. लाली किंवा काळसरपणा पसरतोय असं वाटलं तर बॉलपेननं त्याच्या कडेनं रेघ ओढा आणि वेळ लिहा. काही तासांत तो रेघेबाहेर गेला तर थांबू नका.

पट्टा, पाणी, हळद, शेक

वरची पट्टी साधारण एक-दोन दिवसांनी काढतात. ती काढल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की अंघोळ करायची. चांगली करायची. पाणी जखमेवरून वाहून गेलेलं चालतं, साबणाचा फेसही ओघळू द्या, फक्त चोळायचं नाही आणि टबात बसायचं नाही. नंतर स्वच्छ सुती कापडानं टिपून कोरडं करा. घासू नका. ते कापड फक्त जखमेसाठी, अंग पुसायचा पंचा वेगळा.

ओल हा जखमेचा शत्रू, आणि खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर म्हणजे ओलच ओल. दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, बाळंतिणीची फडकी चुलीच्या धुरावर वाळवतात. पावसाळ्यात बाळंतपण असेल तर फडकी आणि परकर दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करून वापरा. पोट सुटलेलं असेल तर घडीत स्वच्छ, कोरडं सुती कापड घालून ठेवा आणि दिवसातून तीन-चारदा बदला. परकराची नाडी छेदाच्या वर, बेंबीच्या बाजूला बांधा.

पोटपट्ट्यावरून घरोघरी वाद होतात. पट्टा बांधल्यानं उठताना, खोकताना आधार वाटतो, हे खरं. म्हणून पूर्ण मोडीत काढायला मी सांगत नाही. पण सैल बांधा, जखमेवर कोरडं कापड ठेवून बांधा, झोपताना सोडा, आणि घाम आला की बदला. चोवीस तास घट्ट पट्टा म्हणजे जखमेला वाफाळलेली खोली.

हळद, चुना, खोबरेल, राख, अंगारा, कुणीतरी दिलेली पावडर, यांतलं जखमेवर काही नको. हळद भाजीत चांगली. जखमेवर तिचा पापुद्रा धरतो आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. डॉक्टरांनी मलम दिलं असेल तर तेवढंच. मालिश करणाऱ्या बाईला आधीच सांगून ठेवा की पोट सोडून बाकी अंग.

शेकाबद्दल मात्र मी कडक आहे. छेदाभोवतीची कातडी बधिर असते. शेगडी किंवा गरम पाण्याची पिशवी भाजतेय हे बाळंतिणीला कळतच नाही. पोटावर फोड घेऊन आलेल्या बाया मी पाहिल्यात. कंबर शेका, पाय शेका, ओटीपोट नको. खोलीत धुरी घालायचीच असेल तर एक खिडकी उघडी राहू द्या.

"भात खाल्लास म्हणून पू झाला"

हे वाक्य मी मराठीतही ऐकलंय आणि कन्नडमध्येही. भात, बटाटा, डाळ, दही, अंडं, पालेभाजी, पांढरं काही खाल्लं की टाके पिकतात म्हणे. मग पोरीला कोरडी भाकरी आणि मिरीचं सार, पाणीसुद्धा मोजून. पू जंतूंमुळे होतो. भातानं होत नाही. जखम भरायला शरीराला प्रथिनं लागतात, आणि ती नेमकी या बंद केलेल्या पदार्थांत असतात. डाळ, अंडं, दूध, दही, मटकी, हुलग्याचं माडगं, खात असाल तर मासे आणि चिकन, सगळं द्या. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी तहान लागेल तेवढं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. रक्त कमी असलेल्या बाईची जखम उशिरा भरते आणि लवकर पिकते.

एकच गोष्ट खरोखर जपायची, ती साखर. गरोदरपणात साखर वाढली होती अशा बाईकडे बाळ बघायला येणारा प्रत्येक पाहुणा कुंद्याचा डबा घेऊन येतो. तो पाहुण्यांनाच वाढा. डिंकाचे लाडूही डॉक्टरांना विचारून. साखर वाढलेली राहिली तर कितीही ड्रेसिंग करा, जखम हलत नाही.

जास्त जपायचं कुणी? साखर असलेलीनं, वजन जास्त असलेलीनं, हिमोग्लोबिन कमी असलेलीनं. कळा खूप वेळ चालून किंवा पाणी जाऊन बरेच तास झाल्यावर घाईत सिझर झालेलीनं. तंबाखू, मिश्री लावणाऱ्या बाईनं. निपाणीकडं तंबाखूचं काम घरोघरी, मिश्रीची सवय कुणाला विशेष वाटत नाही, पण तंबाखूनं कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो. निदान जखम भरेपर्यंत तरी सोडा.

ताप मोजा, अंदाज बांधू नका

थर्मामीटर घरात हवाच. सकाळ-संध्याकाळ मोजा, आणि तापाची गोळी घेण्याआधी मोजा, कारण पॅरासिटामॉलनं ताप झाकला जातो. दूध उतरताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग थोडं तापतं, ते बहुधा दिवसभरात उतरतं. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला तर तो "दुधाचा" म्हणून सोडून द्यायचा नाही. जखम चांगली दिसत असली तरीही. कारण जंतुसंसर्ग गर्भाशयात असू शकतो. ओटीपोट दुखणं, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, सोबत ताप, ही त्याची खूण. तो लघवीतही असू शकतो, छातीत दुधाच्या गाठीतही. ते शोधणं डॉक्टरांचं काम. तुमचं काम आकडा लिहून ठेवणं.

कधी जायचं

त्याच दिवशी: ताप १००.४ किंवा त्याच्या वर, दुखणं चढत चाललंय, जखमेतून पू किंवा गढूळ पाणी, वास, कडा सुटल्यात, सूज किंवा लाली पसरतेय. पाणी सुटणं हे सर्वांत फसवं. इथं मी स्वतः चुकलेय. एका बाळंतिणीच्या बहिणीचा फोन आला, जखमेतून पाणी येतंय. मी कामाच्या घाईत म्हणाले, थोडं येतंच. तिसऱ्या दिवशी ती बाई १०२ ताप घेऊन आली. तेव्हापासून असा फोन आला की मी चार गोष्टी विचारते: रंग कसला, वास आहे का, कापड दिवसातून कितीदा भिजतं, ताप किती. उत्तर काहीही असलं तरी शेवटी दाखवायला बोलावतेच.

त्याच तासाला, रात्र असो की पाऊस: थंडी वाजून हुडहुडी, धाप, छातीत धडधड थांबत नाही, बडबड किंवा गुंगी, लघवी खूपच कमी. जंतू रक्तात पसरल्याच्या या खुणा. तसंच जखमेपेक्षा कितीतरी पटीनं जास्त वेदना, कातडी काळी पडणं, त्यावर फोड येणं. हा कातडीखालचा थर सडवणारा आजार दुर्मीळ आहे, पण तासातासाला वाढतो. ऑपरेशननंतर पहिल्या दोन दिवसांतच जोराचा ताप आणि भराभर पसरणारी लाली आली, तर तेही असंच गंभीर धरा.

अचानक भळकन गुलाबी पाणी आलं आणि काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, तर आतला थर उसवलेला असू शकतो. बाळंतिणीला गुडघे दुमडून निजवा, जखमेवर सलाइननं ओलं केलेलं स्वच्छ कापड ठेवा. आत काही ढकलू नका, खायला-प्यायला देऊ नका, गाडी बोलवा.

१०८ प्रत्येक राज्याची वेगळी आहे. फोन लागला की आधी गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगा, सीमेवरच्या गावांत यावरून वेळ जातो. सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतरच्या अशा गुंतागुंतीचा उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असतो, तेव्हा पैशासाठी थांबू नका. तालुक्याला नेऊन उपयोग दिसत नसेल तर बेळगावचं सिव्हिल आहेच. गावातल्या ओळखीच्या माणसाकडून "एक इंजेक्शन मारून बघू" म्हणून दोन दिवस घालवू नका. मेडिकलमधून मनानं आणलेल्या अँटिबायोटिकनं लक्षणं दबतात आणि पू आत साठत राहतो.

दवाखान्यात सिस्टर कन्नडच बोलणारी असली तर चार शब्द पुरतात. जखम म्हणजे गाय, पू म्हणजे कीवु, टाके म्हणजे होलिगे, दुखणं म्हणजे नोवु, ताप म्हणजे ज्वर. "कीवु बरतायदे" म्हटलं की पू येतोय, "ज्वर बंदिदे" म्हणजे ताप आलाय, "होलिगे बिच्चिदे" म्हणजे टाके सुटलेत. रोजचे फोटो दाखवा, त्याला भाषा लागत नाही.

तिथं काय करतात

टाके उघडायचे म्हटलं की घरचे हबकतात. पू आत कोंडलेला असताना नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, त्याला वाट करून द्यावी लागते. पिकलेल्या भागातले एक-दोन टाके किंवा गरज पडली तर जास्त उघडतात, पू तपासणीला पाठवतात, आतली पोकळी सलाइननं धुऊन गॉज भरतात. कुठला जंतू आणि कुठलं औषध चालेल हा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर अंदाजानं अँटिबायोटिक सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरज वाटली तर बदलतात. रक्त आणि साखर तपासतात. आत पू आहे असं वाटलं तर सोनोग्राफी. पू नसेल, नुसतं पाणी किंवा रक्त साठलेलं असेल, तर तेही काढतात. या सगळ्यात बाळाला दूध पाजणं चालू ठेवायचं. बहुतेक अँटिबायोटिक पाजताना चालतात, फक्त पाजतेय हे डॉक्टरांना सांगा. जखमेतला पू दुधात उतरत नाही.

उघडी जखम तळातून वर भरत येते. वरून लगेच शिवली तर आत पुन्हा पू धरतो, म्हणून "टाके का घालत नाहीत" असा आग्रह धरू नका. स्वच्छ झाल्यावर कधीकधी दुसऱ्यांदा शिवतात, नाहीतर काही आठवड्यांत आपसूक भरते. रोज ड्रेसिंगला येणं जांबोटीहून शक्य नसतं, हे मला कळतं. अशा वेळी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय होते का ते विचारा, किंवा घरच्या एका माणसाला दवाखान्यातच ड्रेसिंग शिकवून घ्या आणि आमच्यासमोर एकदा करून दाखवायला लावा.

सामान थोडंच: सलाइनची छोटी बाटली, निर्जंतुक गॉजची पाकिटं, हातमोजे, कागदी चिकटपट्टी. ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची लिहून दिलेली गोळी द्या. जुना गॉज चिकटला असेल तर सलाइन टाकून भिजवा, ओढू नका. किती गॉज भरले होते ते मोजून काढा. आत राहिलेला एक तुकडा महिनाभर जखम पिकत ठेवतो, हे मी पाहिलंय. सलाइन ओतून धुवा, नवा गॉज सैल भरा, वर कोरडा ठेवून पट्टी लावा. कापूस आत घालू नका, त्याचे तंतू राहतात. स्पिरिट, फेस येणारं औषध नको. उरलेलं सलाइन दुसऱ्या दिवशी फेकून द्या. तळ लाल आणि दाणेदार, डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसला तर जखम भरतेय. पिवळा बुळबुळीत किंवा काळा दिसला तर दाखवायला आणा.

गोळ्या बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. भरलेल्या जखमेवर पुढे खाज येते, जाड कड राहते, ती हळूहळू बसते. सहा आठवड्यांच्या तपासणीला जखम आणि फोटो दोन्ही दाखवा. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी याच वेळी साखर पुन्हा तपासून घ्यावी. आणि पुढचं बाळंतपण कुठल्याही गावात, कुठल्याही राज्यात होवो, नाव नोंदवतानाच सांगायचं: मागच्या वेळी टाके पिकले होते.